आधी तुम्ही म्हणा

कन्नड-मराठी सीमेवरच्या खटकचिंचोळीच्या बाजारात कल्लप्पाचं दुकान कुणीही दाखवायचं. दोरखंड, खुरपी, पत्र्याच्या बादल्या, सगळं दारात टांगलेलं. गेल्या तीन वर्षांत मात्र लोक उलटं सांगू लागलेत. ‘ती रॅपवाली खटक न्हाई का, तिच्या बापाचं दुकान.’ कल्लप्पाला हे आवडतं की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून आजवर कुणाला काहीच कळलेलं नाही. पाऊस पडो न पडो, लेक पहिली येवो की नापास होवो, तोंड तेच.

ही लेक म्हणजे थोरली पवित्रा, सव्वीस वर्षांची. बापाच्या वाट्याचं बोलणंही देवानं तिच्याच पदरात टाकलं असावं. बाजारातल्या एका ऑनलाइन सेंटरमध्ये ती लोकांचे फॉर्म भरून देते. एकदा सर्वर बंद पडला, दारात चाळीस माणसं, आणि जो तो तिच्यावरच खेकसायला लागला. पवित्रा उठून उभी राहिली. मराठीत सुरू झाली, मधेच कन्नडमध्ये शिरली, दखनीतून बाहेर पडली, आणि हे सगळं टेबलावर शिक्का आपटत, ठेक्यात. ‘कागद आणा, फोटो आणा, अंगठा आणा, आधार आणा, अण्णा, सर्वर माझ्या बापाचा न्हाई, त्यालाच जाऊन भानावर आणा!’ रांगेत बसवकल्याणचा बसवप्रभु उभा होता. त्याचा मंडपाचा आणि साउंडचा धंदा. भांडण कुठलं आणि ताल कुठला, हे त्याला बरोबर कळतं. त्यानं मोबाइल वर धरला, आणि आठवड्याभरात ती भालकीपासून आळंदपर्यंत पोरांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसली.

तिथून तिचं नाव खटक पडलं. रस्त्यातले खड्डे, बसमध्ये पाय पसरून बसणारे, कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून शिट्ट्या मारणारे, तिनं कुणाला सोडलं नाही. फक्त एक गोष्ट ती करत नसे. गात नसे.

“अक्का, मधी दोन ओळी सुरात घे की,” बसवप्रभु दर वेळी म्हणायचा. “लोकं तेवढंच धरतेत.”

“मी बोलते अण्णा. गात न्हाई.”

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून लोकांनी विषय सोडून दिला. पण आडात होतं. काठोकाठ होतं. दोर तिनंच कापून टाकला होता.

नवव्या वर्षापासून पवित्रा श्रावणातल्या सोमवारी मठात संतांची कन्नड वचनं म्हणायची. म्हातारी माणसं डोळे मिटून ऐकायची आणि मिटलेलेच ठेवून प्रसाद घ्यायची. मग एकोणिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा पाहुण्यांना दाखवलं, आणि तो गळा मठातून उठून बैठकीच्या खोलीत आला.

आमच्या ह्या भागात मुलीनं काय म्हणायचं, ते पाहुणे कुठून आले त्यावर ठरतं. कलबुर्गीकडचे असले तर कन्नड वचन, उमरग्याकडचे असले तर मराठी अभंग. पवित्राला दोन्ही यायचं. त्यामुळे लग्नं जुळवणारा गुरुशांतप्पा तिच्यावर फार खूश असे. एकच मुलगी दोन्ही दिशांना चालते, त्याला आणखी काय पाहिजे? गंगव्वा, म्हणजे पवित्राची आई, सकाळी चुरमुरे भिजवून ठेवायची. पाहुणे पायरीला लागले की फोडणी पडायची आणि गरम सुसला बशांतून बाहेर जायचा. मग चालून दाखव. वाचून दाखव. हात बघू. आणि शेवटी, “गाणं म्हण गं बाळ एखादं.”

सात वेळा म्हटलं तिनं. सातही वेळा डोळे पाटावर, आणि कानात एकच आवाज: बशीवर वाजणारे चमचे. ती वर सूर लावायची आणि खाली ते टिंग टिंग टिंग. कुणी लिंबू मागायचं. चौथा मुलगा मोबाइलमध्ये क्रिकेट बघत होता. पाचव्याच्या आत्याबाई म्हणाल्या, गळा गोरा आहे, मुलगी सावळी आहे. असली अक्कल कुठं विकत मिळते कोण जाणे. सातव्या वेळी मुलाच्या मामानं वचन अर्ध्यात तोडलं आणि म्हणाला, “हे भक्तीचं नको, जरा पिक्चरमधलं म्हण.” पवित्रा उठली, मामाच्या हातातली बशी काढून घेतली आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून ती गायली नाही. न्हाणीतसुद्धा नाही.

गंगव्वाला हे कधीच पटलं नाही. “आम्ही न्हाई का म्हटलं? माझ्या वक्ताला मी बी म्हटलेलं. एकदा म्हटलं, झालं लगीन.”

“आन् त्याच्यानंतर कधी म्हटलीस, अव्वा?”

गंगव्वा दूध बघायला आत गेली. दूध उतू जात नव्हतं.

आता पाळी धाकटीची आली. नेत्रावती, वीस वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. हिशोबात पक्की, स्वभावानं गरीब, आणि गळा असा की मठातल्या स्वामींनीही तिला प्रसाद वाटायच्या कामाला लावलं होतं. गुरुशांतप्पानं हुमनाबादकडचं स्थळ आणलं. मुलाचं औषधांचं दुकान. दीड महिन्यानं एका रविवारी येणार. “मुलाचे काका भजनातले हाईत,” तो बजावून गेला. “एक गाणं बसवून घ्या.”

नेत्रावती बहिणीच्या मागं लागली. “अक्का, तुझंच ते शिकव की. सोपं हाय.”

पवित्रानं न गाता शब्द तेवढे लिहून दिले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात तेच वचन सुरू झालं, तोच पाट, तीच भिंत, तेच खाली घातलेले डोळे. फक्त मुलगी वेगळी. पवित्रा चप्पल घालता घालता दारात थांबली. आपण सात वेळा जे गिळलं, ते आता ही गिळायला बसली आहे, आणि वाढतंय कोण, तर आपणच! तिला स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशी सेंटरमध्ये तिनं एका माणसाच्या वयाच्या रकान्यात त्याचा मोबाइल नंबर भरला.

संध्याकाळपर्यंत एका जुन्या अर्जाच्या पाठीवर गाणं झालं होतं. गुरुवारी सुट्टी घेऊन तिनं बसवकल्याणची बस धरली.

बसवप्रभुचा स्टुडिओ म्हणजे त्याचं मंडपाचं गोदाम. लग्नातल्या गाद्या आणि लोड छतापर्यंत रचलेले, मधे माणूस उभा राहील एवढी फट, तिथं माइक. गाद्यांमुळे बाहेरचा एक हॉर्न आत येत नाही. ज्या गाद्यांवर तालुक्यातले सगळे वरबाप बसून गेले, त्यांच्या मधोमध पवित्रा उभी राहिली.

“कुणावर हाय ह्या बारीला?” त्यानं विचारलं.

“पाहुण्यांवर. आन् मी गाणार हाय.”

बसवप्रभुच्या हातातली वायर खाली पडली. “रॅपच कर की, अक्का. पाहुण्यांना असं धुऊन काढ...”

“धुतलं की लोकं हसतेत, अण्णा. शिवी दिली की टाळ्या वाजिवतेत आन् घरी जाऊन तेच करतेत. गोड म्हटलं की ऐकून घ्यावं लागतंय. त्यांनीच शिकिवलंय मला, गोड म्हण म्हणून.”

चाल मठातल्यासारखीच संथ धरली. पहिल्या ओळीला आवाज फुटला तो गंजलेल्या कडीसारखा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चहा पिऊन चौथ्यांदा. पाचव्या वेळी गळा उघडला, आणि बसवप्रभुनं कानावरचा हेडफोन काढला, कारण त्याला तो आवाज मशीनमधून नाही, समोरून ऐकायचा होता.

*बसा पाहुणं, पाणी घ्या, वारा घ्या,*
*आलाच हाईत तर ताठ बसा;*
*गाणं म्हण म्हणता, म्हणीन की मी,*
*आधी तुम्ही म्हणा, मग माझं ऐका.*

*चालून दाखीव म्हटलं, चालले मी,*
*वाचून दाखीव म्हटलं, वाचलं मी;*
*हात बघितले, केस बघितले,*
*आता तुमचा सूर जरा ऐकू द्या की.*

त्याला मागं ढोल घालायचा होता. तिनं स्टीलची बशी आणि चमचा मागितला. टिंग टिंग टिंग. एवढाच ठेका, शेवटपर्यंत. तिसऱ्या कडव्यात एका ठिकाणी तिचा आवाज चिरला होता. तो मशीननं गुळगुळीत करतो म्हणाला. “हात लावू नको,” पवित्रा म्हणाली. “सात वर्षांचं हाय ते.”

गाणं यूट्यूबवर चढलं आणि सपशेल आपटलं. खटकचे भक्त चवताळले. ‘वाघीण गेली, मांजर आली.’ ‘ये क्या भजन है बा, नक्को.’ ‘अक्काला आता मठातच बसवा.’ तीन वर्षं जी पोरं तिच्या शिव्यांवर नाचत होती, त्यांना तिचं गोड बोलणं सोसेना. पवित्रानं सगळ्या कमेंट वाचल्या आणि एकीलाही उत्तर दिलं नाही. वाईट वाटलं का? वाटलं की. चांगले दोन दिवस जेवण गेलं नाही. पण गाणं तिनं त्या पोरांसाठी केलंच नव्हतं.

ज्यांच्यासाठी केलं होतं, त्या मुली कमेंट करत नाहीत. त्या गाणं एकमेकींना पाठवतात, कानात घालून बसमध्ये खिडकीशी बसतात, पाठ करतात. दहा-बारा दिवसांनी दुबलगुंडीची एक मुलगी परीक्षेचा फॉर्म भरायला आली, खरं तर तिला जवळचं सेंटर सोडून इतक्या लांब यायचं काही कारण नव्हतं. फॉर्म भरून झाला तरी उठेना.

“अक्का, मी म्हटलं ते. पाहुण्यांम्होरं.”

पवित्राचा हात की-बोर्डवरच राहिला. “मग?”

“उठून गेले. चहा बी घेतला न्हाई.”

“वाईट वाटायलंय का?”

“तवा वाटलं,” मुलगी म्हणाली. “मग दुसऱ्या दिवशी बसमधी बसल्यावर हसूच आवरंना.”

बातमीला पाय फुटले. पाहुणे गेलेल्या घरी गाणं म्हण म्हणायला धजेनात. म्हटलं की मुलगी पदराआडून हसायची आणि मुलगा घामाघूम व्हायचा. आणि गुरुशांतप्पाच्या नाकाला मिरची झोंबली. रविवारला बारा दिवस उरले असताना तो कल्लप्पाच्या घरी येऊन धडकला. नमस्काराचं ‘शरणु’सुद्धा घाईत म्हणाला.

“चार स्थळं मोडली माझी! चार! ह्या पोरीच्या गाण्यापायी!”

“आन् जुळलं कुठं का न्हाई, काका?” पवित्रानं आतून विचारलं.

“जुळलं एक,” तो चडफडत म्हणाला. “बसवकल्याणात. त्या येड्या नवऱ्या मुलानं म्हटलं आधी.”

“मग तेवढं एकच जुळायला पाहिजे होतं.”

गुरुशांतप्पानं तिच्याकडे बघितलंच नाही. “कल्लप्पा, हुमनाबादवाल्यांच्या कानावर गेलंय. गाणं काढलं तर येतेत. न्हाई काढलं तर आले तरी मनापासून यायचे न्हाईत. धाकटीचं वाटोळं करायचं असलं तर ठेवा.”

तो गेल्यावर कल्लप्पानं बराच वेळ खुरप्याच्या मुठीला तेल लावलं. मग म्हणाला, “पवी, लगीन होईस्तोर काढून ठेव. मग लाव परत.”

तिनं बापाला कधी नाही म्हटलं नव्हतं. सातही वेळा त्याच्याच शब्दावर ती पाटावर बसली होती. “एकदा काढलं की ते काढलेलंच ऱ्हातंय, अप्पा. मी न्हाई काढणार.”

कल्लप्पा दुकानात निघून गेला. गंगव्वानं त्या क्षणापासून थोरलीशी अबोला धरला. ताट वाढायची, पण भिंतीला सांगायची, भाकरी थंड व्हायलीय म्हणून.

पवित्रा बाहेर ताठ होती आणि आतून पार ढासळली होती. माझ्या हट्टापायी हिचं मोडलं तर? हिला तर लग्न करायचंय, हिचा काय गुन्हा? शेवटी तिनं नेत्रावतीला माळ्यावर गाठलं. “दुसऱ्या कुणाचं ऐकणार न्हाई. तू काढ म्हण, आत्ता काढते.”

“मला विचारू नको गं, अक्का,” नेत्रावती म्हणाली आणि खाली जाऊन तेच जुनं वचन घोकायला बसली. नवं गाणं तिनं एकदाही तोंडात घेतलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, भजनातले काका महादेवप्पा आणि गुरुशांतप्पा. पवित्राला सेंटरवर जाऊन बस असं भिंतीमार्फत कळवण्यात आलं होतं. ती गेली नाही. चुलीशी बसली. सुसल्याच्या बशा बाहेर गेल्या. नाव, शिक्षण, चालणं, वाचणं, सगळं रीतसर झालं. मुलगा बरा वाटला, खाली बघून बोलत होता. मग महादेवप्पांचा आवाज आला, “गाणं म्हण बाळ एखादं. जुन्या वळणाचं म्हण.”

नेत्रावतीनं सुरुवात केली. पहिली ओळ कशीबशी पार पडली. आणि बाहेर चमचे वाजायला लागले. टिंग टिंग टिंग. आत पवित्रानं कानांवर हात घेतले.

दुसरी ओळ आलीच नाही. चमचे थोडा वेळ तसेच वाजत राहिले, कारण मुलगी थांबली हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मग एक बारीक आवाज आला.

“आधी तुम्ही म्हणा.”

आता चमचे थांबले.

“काय म्हटली?” महादेवप्पा.

“तुम्ही म्हणा की आधी,” नेत्रावती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण शब्द सगळे जागेवर होते. “काका म्हणू द्या, न्हाईतर हे म्हणू द्या. मग मी म्हणते.”

मुलाचे कान लाल झाले. त्यानं तोंड उघडल्यासारखं केलं, पण महादेवप्पांचा हात त्याच्या गुडघ्यावर पडला. “ऊठ.” अर्ध्या बशा तशाच ठेवून मंडळी उठली. गुरुशांतप्पा उंबऱ्यात वळला. तोंडाला फेस यायचा बाकी होता.

“कल्लप्पा, आजच्या आज ते गाणं काढीव. न्हाईतर ह्या घरात पुन्हा पाय टाकणार न्हाई मी!”

कल्लप्पा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं. “गाणं ऱ्हातंय,” तो म्हणाला. “या आता तुम्ही.”

पवित्रा बाहेर आली. नेत्रावती पाटावरच होती, हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पवित्रा तिला धरून बसली. आता आई काय बोलते, म्हणून दोघींनी मान वर केली. गंगव्वानं बशा गोळा केल्या, आत गेली, गरम सुसला घालून चार बशा घेऊन आली आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर मांडल्या.

“बसा. वाया जाईल.” मग, बारा दिवसांत पहिल्यांदाच थोरलीकडं बघून, “म्हण की गं तुझं ते. आता पाहुणं न्हाईत कुणी.”

पवित्रा खुर्चीत बसली. ह्या घरात ती खुर्ची तिला आजवर मिळाली नव्हती. “आधी तू म्हण, अव्वा.”

“मला काय येतंय.”

“तुझ्या वक्ताला म्हटलेलं ते.”

गंगव्वा पदराशी चाळा करत राहिली. वाटलं, आता उठेल दूध बघायला. पण तिनं भिंतीला पाठ टेकली आणि सुरू केलं. बारीक, कापरा, जागोजाग तुटणारा आवाज, आणि तरी खाली कुठंतरी पवित्राचाच गळा. तो कुठून आला होता, हे पोरींना आज कळत होतं. कुणी चमचा उचलला नाही. संपल्यावर तिनं तोंड पुसलं.

“हेच व्हतं,” कल्लप्पा म्हणाला.

तिघी त्याच्याकडं बघायला लागल्या.

“तवा हेच म्हटलीस तू.” तो हातातल्या बशीकडं बघत होता. “मी मान खाली घालून सुसला खायलो होतो. चांगलं म्हटलीस, एवढं बी बोललो न्हाई.”

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याचं हे सगळ्यात लांब बोलणं असावं. गंगव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती मठाची पायरी चढल्यासारखी सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, “मग आता तुम्ही म्हणा.”

कल्लप्पानं पोरींकडं बघितलं. सुटका नव्हती. त्यानं बशी गुडघ्यावर घेतली, घसा खाकरला, चमच्यानं बशीवर ठेका धरला, टिंग टिंग टिंग, आणि गायला लागला:

*बसा पाहुणं, पाणी घ्या, वारा घ्या...*

सूर कुठल्या कुठं गेला होता. पण तिन्ही कडवी त्याला पाठ होती, आणि तिसऱ्या कडव्यात जिथं लेकीचा आवाज चिरला होता, तिथं तो थांबला, आणि पवित्रानं ती ओळ उचलली.